बाई गावाला गेल्यात : हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले

अण्णासाहेब कर्वे म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर दोन-तीन गोष्टी लगेच येतात. १९५८ साली मिळालेलं भारतरत्न, त्याच वर्षी निघालेलं पोस्टाचं तिकीट आणि शंभरी पार केलेला तो पागोटेवाला म्हातारा. नाटकवेड्या मंडळींना कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ आठवतं आणि त्या नाटकामुळे बाया कर्वे, म्हणजे अण्णांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, यांच्याबद्दलही चार गोष्टी माहीत असतात. बायांना एक धाकटी बहीण होती आणि हिंगण्याचा आश्रम उभा राहिला त्यात तिचा वाटा फार मोठा होता, हे मात्र विचारून बघा. दहात एकाला माहीत असलं तर पुष्कळ.

ती बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. मी इतिहासाचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि ३६ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी बेळगाव आणि आसपासच्या शाखांत. त्यामुळे कुठल्याही संस्थेची गोष्ट वाचताना मला आधी प्रश्न पडतो, की पैसे कुठून आले? थोरामोठ्यांच्या चरित्रांत तेवढंच एका ओळीत उरकलेलं असतं. ‘पुढे लोकांच्या देणग्यांवर संस्था वाढली.’ अहो, पण त्या देणग्या कुणीतरी दारोदार जाऊन मागितल्या ना!

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचा. माहेरच्या जोशी. ११व्या वर्षी लग्न, २०व्या वर्षी वैधव्य, पदरात एक लहान मुलगा. बाकीची मुलं आधीच गेली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं, आलवण अंगावर आलं आणि त्या माहेरी परत आल्या. घरात बायांची कथा आधीच घडलेली होती. बाया, म्हणजे माहेरची गोदूबाई, आठव्या वर्षीच विधवा झाली. पुढे भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन गेला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला तिथे शारदा सदन उघडलं, त्यातली ती अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी. नरहरपंत आणि अण्णा कर्वे जुने मित्र. अण्णांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये वारली आणि ११ मार्च १८९३ ला, सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, अण्णांनी गोदूबाईशी पुनर्विवाह केला. मुरुडला अण्णांवर बहिष्कार पडला तो यामुळेच.

आता एका घरातल्या या दोन बहिणी बघा. थोरली पुनर्विवाह करून वाळीत पडलेली. धाकटी सोवळी, आलवणातली, आणि पुनर्विवाह हा आपला मार्ग नाही असं मनाशी पक्कं ठरवलेली. दोघी एकमेकींना चुकीचं ठरवू शकल्या असत्या. आपल्याकडे याहून क्षुल्लक कारणांवरून भावंडांची बोलाचाल बंद झालेली मी बघितली आहे, आणि तीही बँकेच्या काउंटरवर. यांचं तसं झालं नाही. मुलाच्या आणि स्वतःच्या शिक्षणासाठी पार्वतीबाई पुण्याला बहिणीच्या बिऱ्हाडी आल्या. त्यांचं वय तेव्हा पंचविशी ओलांडलेलं. त्या वयात धुळाक्षरापासून सुरुवात करून त्या ट्रेनिंग कॉलेजपर्यंत गेल्या. मुलगा शाळेत आणि आईही शाळेत.

इथे जरा कायद्याचं सांगतो, कारण त्याशिवाय ‘आश्रम’ या शब्दाचं वजन कळत नाही. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला त्या काळी घराण्याच्या मिळकतीत वाटा नव्हता. पोटगी आणि राहण्यापुरती जागा, एवढाच हक्क. तोही कागदावर. दीर-जावांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जागा दिली तर दिली. १९३७ च्या कायद्याने तिला नवऱ्याच्या हिश्शात तिच्या हयातीपुरता अधिकार मिळाला आणि पूर्ण मालकी यायला १९५६ उजाडावं लागलं. म्हणजे पार्वतीबाईंच्या तरुणपणी विधवेचा पहिला प्रश्न शिक्षणाचा नव्हताच. रात्री पाठ टेकायची कुठे, हा होता. माहेरचा दरवाजा भाऊ-भावजयीच्या मर्जीवर आणि सासरचा तर बोलायलाच नको.

अण्णांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो ही गरज ओळखून. सुरुवात पुण्यातच झाली. पण प्लेग होता, लोकांचा रोष होता, आणि शहरात हे काम जड जाणार हे दिसत होतं. रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. त्यातून एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. आजचं कर्वेनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना पटणार नाही, पण तेव्हा ते गावाबाहेरचं माळरान होतं. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि तास आटोपून रोज चालत तिकडे जायचे, जाताना सामानसुमानही न्यायचे. आपली आयुर्विम्याची ५००० रुपयांची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, घरात बायको-मुलं असताना हे करणं म्हणजे काय ते सही करणाऱ्यालाच कळतं.

पण सहा एकर, एक झोपडी आणि एक पॉलिसी यावर संस्था चालत नाही. कॉलेजात किंवा वसतिगृहात मुलगी फी भरते. इथे फी भरणारी मुलगीच नव्हती. येणारी प्रत्येक जण नेसत्या वस्त्रानिशी यायची. तिचं जेवण, कपडे, पुस्तकं, औषधपाणी, सगळं संस्थेने करायचं आणि तेही पाच-सात वर्षं, ती कमावती होईपर्यंत. म्हणजे जितकं काम चांगलं चालणार तितका खर्च वाढणार. दुकानाचं उलटं गणित! अशा संस्थेला एखाद्या मोठ्या देणगीपेक्षा दर महिन्याला येणारी छोटी रक्कम जास्त लागते. आमच्या बेळगाव-गोव्याकडच्या बँकांत पिग्मी चालायची ते आठवा. एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून दोन-दोन, पाच-पाच रुपये गोळा करून आणायचा आणि त्यावर शाखा उभी राहायची. हिंगण्याचं तसंच होतं, आणि हिंगण्याच्या एजंट होत्या पार्वतीबाई.

शिक्षण संपवून त्या आश्रमात कामाला लागल्या, आतली व्यवस्था सांभाळली आणि मग अण्णांनी त्यांना वर्गणीसाठी बाहेर काढलं. वेणूबाई नामजोशी वगैरे आणखी काही बायकाही या कामात होत्या. पण गावोगाव हिंडून, सभेत उभं राहून, बोलून पैसे आणायचे, हे काम पार्वतीबाईंनी वर्षानुवर्षं केलं. मुंबई इलाख्यात आणि त्याच्या बाहेरही, जिथे जिथे मराठी माणसं होती तिथे तिथे. एक विधवा बाई, एकटी, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून, अनोळखी गावात. उतरायचं कुणाकडे इथपासून प्रश्न. ज्या काळी विधवेचं तोंड सकाळी दिसलं तर लोक अपशकुन मानून घरात परत फिरायचे, त्या काळी ही बाई सकाळी लोकांच्या ओसरीवर जाऊन उभी राहत होती.

आणि इथेच मला एक गोष्ट फार विलक्षण वाटते. अण्णांनी स्वतः पुनर्विवाह केलेला, त्यामुळे सनातनी घरांत त्यांना पाऊल टाकायला जागा नव्हती. ‘आमच्या पोरींना हिंगण्याला नेऊन त्यांची लग्नं लावून देतील’ हा लोकांचा संशय. तो घालवण्यासाठी आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असं अण्णांनी ठरवलं होतं. पण ते ठरवलंय हे लोकांना पटवायचं कुणी? ते पटवलं पार्वतीबाईंच्या डोक्यावरच्या पदराने. केशवपन केलेली, आलवण नेसलेली, व्रतस्थ बाई समोर उभी आहे आणि सांगते आहे की मी तिथे राहते, तिथे काम करते, तुमची मुलगी तिथे सुरक्षित राहील. हे ऐकून घरातली म्हातारी माणसंसुद्धा विचारात पडायची. ज्या खुणांमुळे समाजाने तिला मागे सारलं त्याच खुणा तिच्या कामाचं ओळखपत्र झाल्या. अण्णांच्या हजार लेखांनी जे झालं नसतं ते यामुळे झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटलं नाही तर वाद घालायला मी तयार आहे.

म्हणूनच पुढचं पाऊल मला मोठं वाटतं. चाळिशीच्या आसपास पार्वतीबाईंनी केशवपन सोडलं आणि केस वाढू दिले. पुनर्विवाह करायचा नाही हे कायमच होतं, त्यात बदल नव्हता. पण संयम हा मनाचा आहे, त्यासाठी न्हाव्यापुढे बसायची गरज नाही, असं त्यांचं मत होत गेलं होतं. आता विचार करा. ज्या सनातनी घरांतून त्यांना वर्गणी मिळत होती, त्या घरांना हे कसं रुचावं? टीका झाली. आपल्यामुळे आश्रमाचं उत्पन्न घटेल हा धोका त्यांना दिसत नव्हता असं कसं म्हणता येईल, बाजारभाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? तरीही केलं. आश्रमातल्या मुलींना एक शिकवायचं आणि स्वतः दुसरंच करायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

त्यानंतरचा उद्योग तर घरातल्या माणसांनाही वेडेपणा वाटला असेल. वर्गणीच्या कामात सारखे इंग्रजी बोलणारे लोक भेटायचे आणि आपल्याला त्यांच्याशी नीट बोलता येत नाही ही खंत त्यांना होती. म्हणून इंग्रजी शिकायला त्या १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. वय ४८, पहिलं महायुद्ध अजून संपलेलं नाही, हातात पैसा बेताचा, इंग्रजी मोडकंतोडकं आणि आहार शुद्ध शाकाहारी. तिकडे त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचं काम केलं. भांडी, झाडलोट, स्वयंपाकघरातली वरकामं. पोट भरायचं आणि घरातल्या माणसांच्या तोंडून भाषा शिकायची. कोकणातल्या ब्राह्मण घरातली सोवळी बाई अमेरिकेत परक्याच्या घरी भांडी घासते, ही कल्पना १९१८ सालच्या देवरुखला कशी झेपली असेल देव जाणे. १९२० मध्ये त्या परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

हे सगळं त्यांनी ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने, ज्याने आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली, त्याने या पुस्तकाचं भाषांतर केलं आणि ते १९३० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे बायांनीही ‘माझे पुराण’ लिहिलं. एका खेड्यातल्या एकाच घरच्या दोन विधवा मुलींची दोन आत्मचरित्रं! बाया फटकळ, तोंडाच्या सडेतोड. पार्वतीबाई गंभीर, पुष्कळदा उपदेश करणाऱ्या. आजच्या शिकलेल्या मुलींना पार्वतीबाईंची काही मतं मुळीच आवडणार नाहीत. स्त्रीचं खरं क्षेत्र घर आणि मातृत्व, असं त्या मानायच्या. इतकं जग फिरून आलेल्या बाईने असं म्हणावं याचं मलाही आश्चर्य वाटतं. पण त्यांना आजच्या मापाने मोजायला मी बसलेलो नाही. आपण बोललो त्याहून पुढचं आयुष्य जगलेली माणसं पुष्कळ असतात.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध, ते सांगतो. आमच्या आजीची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्काआजी म्हणायचो, ती हिंगण्याला शिकली. बेळगावची मुलगी, ११व्या वर्षी निपाणीकडे दिली आणि १३व्या वर्षी परत आली. आली ती तशीच, सासरहून एक ट्रंकसुद्धा मिळाली नाही. १९२२-२३ च्या सुमारास तिच्या भावाने तिला हिंगण्याला नेऊन सोडलं. घरात सांगितलं की मामाकडे ठेवली आहे. हे ‘मामाकडे’ पुढे इतकं रुळलं की आक्काआजी मास्तरीण होऊन परत आली तरी नातेवाइकांत कुणी हिंगण्याचं नाव घेत नसे. मला स्वतःला ते कळलं मी कॉलेजात असताना, तेही तिच्याच तोंडून.

ती फार बोलणारी नव्हती. अण्णांबद्दल दोन-चार ठरलेल्या आठवणी सांगायची. पार्वतीबाई कशा होत्या म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “मला काय ठाऊक? आम्ही कधी विचारलं तर उत्तर एकच. बाई गावाला गेल्यात.” मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “बाई गावाला गेल्या म्हणून आमच्या ताटात भात होता, हे तेव्हा नाही कळलं. तुझ्या बापाची फी मी भरायला लागले तेव्हा कळलं.” माझ्या वडिलांचं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण आक्काआजीच्या शाळेतल्या पगारावर झालं. वडील शिकले म्हणून मी बँकेत लागलो. ही साखळी मागे नेली तर कुठल्या तरी गावच्या ओसरीवर जाऊन थांबते, जिथे कुणीतरी पार्वतीबाईंच्या हातावर चार आणे ठेवले. ते चार आणे देणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं असेल तर त्या वेळच्या पावतीच्या स्थळप्रतीवर.

आमच्याकडे भाऊबीजेला हिंगण्याच्या भाऊबीज फंडाचे पैसे देण्याची पद्धत होती. संस्थेच्या कार्यकर्त्या पावतीपुस्तक घेऊन यायच्या, कधी ओळखीच्या कुणाच्या हाती पुस्तक यायचं. बहिणीला ओवाळणी घालता तशी या बहिणींनाही घाला, ही त्यामागची कल्पना. आक्काआजी स्वतः कमावती झाल्यापासून दरवर्षी न चुकता देत राहिली आणि पावत्या एका डब्यात जपून ठेवल्या. ती गेल्यावर, १९७८ मध्ये, तो डबा माझ्या हाती आला. एक रुपया, दोन रुपये, पुढे पाच, नंतर अकरा. तेव्हा मी नोकरीत नवा होतो, व्हाउचरं तपासायचं काम नुकतंच अंगवळणी पडत होतं. सवयीने तारखेप्रमाणे लावून बघितल्या. मधल्या दोनच वर्षांच्या पावत्या नव्हत्या. एका वर्षी ती आजारी होती. दुसरं १९५६. राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरला गेलं ते साल. १ नोव्हेंबरनंतरच्या त्या दिवसांत आपल्या मराठी शाळांतल्या मास्तर-मास्तरणींची काय मनःस्थिती होती, नोकरीचे कागद कुठून कुठे फिरत होते, ते इथल्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

शाखेत काम करताना मला नेहमी दिसायचं, की नवरा वारल्यावर बाई यायची तेव्हा तिच्याबरोबर दीर नाहीतर भाऊ असायचा, आणि बोलायचा तोच. पासबुक कुठे आहे ते तिला ठाऊक नसायचं. वारसाचा कागद पुढे केला की ती आधी दिराच्या तोंडाकडे बघायची आणि मग अंगठा उठवायची. असं झालं की मी त्या दिराला बाहेर बाकावर बसायला सांगायचो. त्यावरून दोन-तीनदा माझ्याविरुद्ध तक्रारही गेली. त्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. आमच्या घरात एक बाई होती, जिचं खातं तिच्या स्वतःच्या नावावर होतं आणि किल्ली तिच्या कमरेला होती, ती मी लहानपणापासून बघत आलो होतो, एवढंच.

पार्वतीबाई १९५५ साली गेल्या. मुलीला वडिलांच्या आणि विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पूर्ण हक्क देणारा हिंदू वारसा कायदा पुढच्याच वर्षी आला. अण्णा त्यानंतरही सात वर्षं होते, ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले. हिंगण्याची संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून चालते आहे, हजारो मुली तिथे शिकतात.

मंडळी, एक विनंती आहे. बेळगाव, धारवाड, हुबळी, गोवा, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या आपल्या जुन्या घरांत एखादी आत्या, मावशीआजी, काकू अशी असेल की जी ‘पुण्याला मामाकडे’ राहून मास्तरीण किंवा नर्स होऊन आली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, अजून कुणी सांगणारं असेल तोवर. आणि माळ्यावर जुना पत्र्याचा डबा सापडला तर रद्दीत टाकण्याआधी आतले कागद एकदा तारखेप्रमाणे लावून बघा.